पैसे अडकले, चोरीला गेले की कंपनीने अडवले? ऑनलाइन तक्रार योग्य दारी नेण्याची रीत

ऑनलाइन व्यवहारात काहीही बिघडले की आपल्याकडे सरसकट ‘फ्रॉड झाला’ असे म्हटले जाते, आणि बहुतेक तक्रारींची वाट तेथेच चुकते. खात्यातून पैसे वजा झाले पण दुकानदाराला मिळाले नाहीत, हा एक प्रकार. कोणीतरी बँकेचा किंवा पोलिसांचा माणूस असल्याचे भासवून पैसे काढून घेतले, हा दुसरा. आणि कंपनीने सदोष वस्तू पाठवून परताव्याचे भिजत घोंगडे ठेवले, हा तिसरा. पहिल्या प्रकारात चोर कोणीच नसतो. रक्कम दोन बँकांच्या मधल्या यंत्रणेत अडकलेली असते आणि ती परत येण्याची मुदत ठरलेली असते. दुसऱ्यात चोर असतो आणि तो मिनिटामिनिटाला पैसे पुढच्या खात्यात सरकवत असतो. तिसऱ्यात समोर नोंदणीकृत कंपनी असते. ती पळून जाणार नसते, पण आपण कंटाळून नाद सोडू याची ती वाट पाहत असते. अडकलेल्या पैशासाठी पोलीस ठाण्यात गेलेला माणूस हात हलवत परत येतो, आणि चोरीला गेलेल्या पैशासाठी बँक उघडण्याची वाट पाहणारा सकाळपर्यंत सगळे गमावून बसतो.

इंदूरमध्ये या गोंधळात १८१ या क्रमांकाची भर पडते. मुख्यमंत्री हेल्पलाइन येथे इतकी अंगवळणी पडली आहे की खाजगी कंपनीने परतावा दिला नाही तरी लोक तेथेच फोन लावतात. ती सोय राज्य शासनाच्या खात्यांसाठी आहे. वीज, महसूल, नगरपालिका अशा तक्रारी तेथे जरूर नोंदवाव्यात. मुदतीत काम झाले नाही तर तक्रार आपोआप वरच्या स्तरावरच्या अधिकाऱ्याकडे जाते. म्हणूनच काम होण्याआधी ‘तक्रार बंद करायला संमती द्या’ असा फोन आला तर संमती देऊ नये. बँक, ऑनलाइन दुकान, प्रवासाचे ॲप यांच्या तक्रारी मात्र पुढे सांगितलेल्या दारांनीच न्याव्या लागतात.

कागद आधी, फोन नंतर

तक्रार कोणतीही असो, पहिल्या दहा मिनिटांत पुरावा गोळा करावा, कारण तो नंतर सापडत नाही. यूपीआय व्यवहाराला बारा आकडी संदर्भ क्रमांक असतो. तो ॲपमध्ये त्या व्यवहारावर बोट ठेवले की दिसतो. तारीख, वेळ, रक्कम, समोरच्याचा यूपीआय पत्ता आणि हा क्रमांक एका वहीत लिहून ठेवावा. मोबाइलचे चित्र पुरेसे वाटते, पण फोन बिघडला किंवा हरवला की ते त्याच्याबरोबर जाते. संकेतस्थळाचे चित्र घेताना वरचा पत्ता त्यात आला पाहिजे. कंपनीशी चॅटवर बोलणे झाले असेल तर खिडकी बंद करण्यापूर्वी संपूर्ण संभाषण जतन करावे. अनेक ठिकाणी खिडकी बंद झाली की ते ग्राहकाला पुन्हा पाहता येत नाही. बँकेचे एसएमएस आणि संशयिताचे फोन क्रमांक रागाच्या भरात पुसून टाकू नयेत.

फोनवर झालेल्या बोलण्याला पुढच्या पायरीवर फारशी किंमत राहत नाही. हेल्पलाइनवरच्या मुलाने ‘सर, चोवीस तासांत होऊन जाईल’ असे हिंदीत कितीही गोड सांगितले, तरी बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे किंवा ग्राहक आयोगात जाताना हाती काही उरत नाही. म्हणून फोन ठेवल्याबरोबर त्याच कंपनीला एक ईमेल पाठवावा: आज अमुक वाजता आपल्या प्रतिनिधीशी बोलणे झाले, त्यांनी अमुक मुदत सांगितली, तक्रार क्रमांक अमुक दिला. एवढे लिहिले की बोलणे कागदावर आले. इंदूरमध्ये पोलिसांना हिंदीत आणि बँकेला हिंदीत किंवा इंग्रजीत लिहिण्याची आपली सवय योग्यच आहे. पण भाषा कोणतीही असली तरी तक्रार अर्ध्या पानात मावली पाहिजे. घरच्यांना झालेला मनस्ताप पहिल्या परिच्छेदात आणि व्यवहार क्रमांक तिसऱ्या पानावर, अशी पत्रे कोणी शेवटपर्यंत वाचत नाही.

ज्या नंबरवर विश्वास ठेवायचा तो आपण शोधावा

पैसे अडकल्यावर बहुतेक लोक शोधयंत्रात कंपनीचे नाव आणि पुढे ‘कस्टमर केअर नंबर’ असे लिहितात. साध्या अडचणीचे रूपांतर चोरीत होण्याची ही सर्वांत सोपी जागा आहे. शोधाच्या निकालांत वर येणारी जाहिरात पैसे देऊन लावता येते, आणि नकाशावरच्या नोंदीतला फोन क्रमांक बाहेरची माणसेही बदलण्याची सूचना करू शकतात. त्यामुळे बँकेचा क्रमांक कार्डाच्या मागच्या बाजूवरून किंवा पासबुकावरून घ्यावा, आणि ऑनलाइन दुकानाशी संपर्क त्याच्या ॲपमधील मदतीच्या पानावरूनच करावा. रिझर्व्ह बँकेने बँकांना आपली संकेतस्थळे ‘डॉट बँक डॉट इन’ या शेवटाच्या पत्त्यावर नेण्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत दिली होती. पत्त्याचा शेवट तसा नसेल तर पासवर्ड टाइप करण्यापूर्वी थांबावे.

फोन आला असेल तर आणखी थोडी माहिती उपयोगी पडते. बँकांच्या सेवेसंबंधीच्या फोनसाठी १६०० ने सुरू होणारे क्रमांक आणि जाहिरातीच्या फोनसाठी १४० ने सुरू होणारे क्रमांक राखले आहेत. बँकेचा एसएमएस साध्या दहा आकडी मोबाइल क्रमांकावरून येत नाही. तो अक्षरी नावाने येतो. फोनच्या पडद्यावर ‘बँक मॅनेजर’ असे नाव झळकणे म्हणजे ओळख पटणे नव्हे, कारण फोन करणाऱ्याचे नाव दाखवणाऱ्या ॲपमध्ये ते कोणालाही नोंदवता येते. मला विचाराल तर यापैकी कशावरही पूर्ण विसंबू नये. आलेला फोन नम्रपणे ठेवून द्यावा आणि कार्डामागच्या क्रमांकावर आपण स्वतः फोन करावा. खरा कर्मचारी याला कधीच हरकत घेत नाही, आणि खोटा मात्र ‘फोन ठेवू नका’ असा हट्ट धरतो.

आपल्या शहरातील मराठी घरांबाबत एक गोष्ट वेगळी सांगावी लागते. इंदूरमध्ये बाजार, बँक, कचेरी सगळीकडे व्यवहार हिंदीत होतो, त्यामुळे फोनवरचा माणूस अचानक शुद्ध मराठीत ‘काकू, मी बँकेतून बोलतोय’ म्हणाला की समोरचा सैलावतो. आपलाच माणूस आहे असे वाटते. भाषा हा पुरावा नव्हे. तीच गोष्ट रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर भागांतल्या मंडळांच्या व्हॉट्सॲप गटांची. गटात ओळखीच्या माणसाच्या क्रमांकावरून लग्नपत्रिका म्हणून आलेली फाइल ‘एपीके’ प्रकारची असेल, तर ती पत्रिका नसून ॲप असते. ती उघडून बसवली की फोनमधले एसएमएस, अर्थात ओटीपीसुद्धा, दुसऱ्याला दिसू शकतात. पाठवणारा बहुधा निर्दोष असतो. त्याचा फोन आधीच त्याच रीतीने ताब्यात गेलेला असतो. वाहतूक चलान, बँकेचे केवायसी, वीजबिल अशा नावांनीही याच फाइली फिरतात. ‘आज रात्री साडेनऊ वाजता वीज तोडली जाईल’ असा निरोप आला तर त्यातल्या क्रमांकावर फोन न करता पश्चिम क्षेत्र विद्युत वितरण कंपनीच्या १९१२ वर विचारावे किंवा तिच्या ‘ऊर्जस’ ॲपमध्ये बिलाची स्थिती पाहावी. मंडळाच्या वर्गणीचा क्यूआर कोड गटात आला असेल तर पैसे पाठवण्यापूर्वी खजिनदाराला एक फोन करणे कोणालाही जड नाही.

पैसे अडकले असतील तर

रात्री सराफ्यातल्या खाऊगल्लीत गर्दी असते, खाऊन झालेले असते, आपल्या खात्यातून पैसे वजा झाल्याचा एसएमएस येतो आणि दुकानदाराचे बोलणारे यंत्र गप्पच राहते. अशा वेळी घाईने दुसऱ्यांदा यूपीआय करू नये. शक्य असेल तर रोख द्यावे, पहिल्या व्यवहाराचा पडदा दुकानदाराला दाखवावा आणि तो व्यवहार उशिरा पूर्ण झाला तर पैसे परत देण्याबद्दल त्याच्याशी बोलून ठेवावे. इंदूरचे दुकानदार असल्या बाबतीत सहसा सचोटीचे असतात. अडचण येते ती नाव आणि वेळ कोणीच न लिहिल्यामुळे.

यानंतरचे काम मुदतीचे आहे. रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाने अयशस्वी व्यवहारांसाठी दिवस ठरवून दिले. यूपीआयने एका व्यक्तीकडून दुसऱ्या व्यक्तीकडे पाठवलेली रक्कम समोर जमा झाली नाही, तर व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत ती परत आली पाहिजे. दुकानदाराला केलेला भरणा अडकला असेल तर ही मुदत पाच दिवसांची आहे. एटीएममधून नोटा न निघता खाते वजा झाले तरी पाच दिवसांचीच. मुदत उलटली की उशिराच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई ग्राहकाने न मागताही खात्यात जमा व्हायला हवी. प्रत्यक्षात ती नेहमी आपोआप येत नाही, म्हणून तक्रारीत तिचा उल्लेख नेमक्या शब्दांत करावा. मजकूर असा पुरतो:

‘दिनांक अमुक रोजी सकाळी अमुक वाजता माझ्या खात्यातून इतके रुपये वजा झाले. व्यवहार क्रमांक अमुक. समोरच्या खात्यात रक्कम जमा झालेली नाही व मला परतही मिळालेली नाही. रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार मूळ रक्कम आणि विलंबाच्या प्रत्येक दिवसाचे १०० रुपये माझ्या खात्यात जमा करून तक्रार क्रमांक लेखी कळवावा.’

हा ईमेल आपल्या बँकेला पाठवावा आणि यूपीआय ॲपमध्ये त्याच व्यवहाराखाली तक्रारही नोंदवावी. बँकेने तीस दिवसांत उत्तर दिले नाही, किंवा दिलेले उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. एकात्मिक लोकपाल योजना १२ नोव्हेंबर २०२१ पासून लागू झाली, आणि तेव्हापासून कोणता लोकपाल आपला हे शोधत बसावे लागत नाही. ‘सीएमएस डॉट आरबीआय डॉट ओआरजी डॉट इन’ या एकाच ठिकाणी तक्रार भरता येते आणि तिला शुल्क नाही. चौकशीसाठी १४४४८ हा क्रमांक असून तेथे मराठीतही बोलता येते. आधी बँकेकडे लेखी तक्रार केलेली नसेल तर लोकपालाकडचा अर्ज तांत्रिक कारणावरून परत जातो. म्हणून ती तीस दिवसांची पायरी टाळू नये.

रक्कम चुकून भलत्याच क्रमांकावर गेली असेल तर वाट अवघड आहे, कारण ज्याला पैसे मिळाले त्याच्या संमतीशिवाय बँक ते सहसा काढून घेऊ शकत नाही. तरीही त्याच दिवशी आपल्या बँकेत तक्रार नोंदवावी. उलट, ‘चुकून तुमच्याकडे पैसे आले, परत करा’ असा फोन आपल्याला आला, तर एसएमएसवर न जाता खात्याची शिल्लक पाहावी आणि पैसे खरोखर आले असले तरी समोरच्याला त्याच्या बँकेमार्फत मागणी करायला सांगावी.

पैसे चोरीला गेले असतील तर

येथे पहिला फोन १९३० वर. बँक नंतर, नातेवाईक त्याच्याही नंतर. १९३० हा राष्ट्रीय सायबर गुन्हे मदत क्रमांक आहे आणि त्यामागची यंत्रणा अशी चालते: तक्रार नोंदवणारा कर्मचारी व्यवहाराचा तपशील थेट त्या बँकेकडे धाडतो जिच्या खात्यात पैसे गेले, ती बँक रक्कम शिल्लक असेल तर गोठवते, आणि पुढे सरकली असेल तर पुढच्या बँकेला तसाच इशारा जातो. चोर रक्कम लहान तुकडे करून अनेक खात्यांत फिरवतात आणि शेवटी एटीएममधून काढतात किंवा तिची काहीतरी खरेदी करतात. या साखळीत रक्कम कोठे गाठता येईल हे केवळ वेळेवर अवलंबून असते. फोन लागत नसेल तर ‘सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन’ वर स्वतः नोंद करावी. १९३० वर मिळालेला पोच क्रमांक घेऊन त्याच संकेतस्थळावर चोवीस तासांच्या आत सविस्तर तक्रार पूर्ण करावी लागते. पुष्कळ लोक फोन झाला म्हणजे काम झाले असे समजून ही पायरी विसरतात.

त्याबरोबर बँकेला कळवून कार्ड, नेट बँकिंग आणि यूपीआय बंद करून घ्यावे, आणि कळवल्याची वेळ लिहून ठेवावी. ही वेळ फार महत्त्वाची आहे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने ग्राहकाची जबाबदारी ठरवून दिली. चूक ग्राहकाची नाही आणि बँकेचीही नाही, यंत्रणेत तिसरीकडेच छिद्र पडले, अशा व्यवहाराची माहिती बँकेचा संदेश मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत दिली तर ग्राहकावर काहीही भार येत नाही. चार ते सात दिवसांत दिली तर साध्या बचत खात्यासाठी जास्तीत जास्त १०,००० रुपयांपर्यंतचा भार त्याच्यावर येतो. सात दिवसांनंतर बँकेच्या धोरणावर सोपवले जाते. तक्रार आल्यावर बँकेने दहा कामकाजी दिवसांत वादग्रस्त रक्कम तात्पुरती जमा करावी आणि नव्वद दिवसांत निकाल द्यावा, असेही त्यात आहे. ओटीपी किंवा पिन ग्राहकाने स्वतः सांगितला असेल तर कळवण्यापर्यंतचे नुकसान त्याचेच, पण कळवल्यानंतरही पैसे गेले तर ते बँकेचे. म्हणजे आपली चूक झाली तरी लाजेपोटी गप्प बसणे दुप्पट महाग पडते.

इंदूरच्या सायबर शाखेत किंवा जवळच्या ठाण्यात गुन्हा नोंदवताना ‘खाते दुसऱ्या राज्यातले आहे, तेथे जा’ असे उत्तर मिळाले तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १७३ सांगावे. गुन्हा कोठेही घडला असला तरी माहिती नोंदवून घेण्याची तरतूद त्यात आहे, आणि इलेक्ट्रॉनिक मार्गाने दिलेल्या माहितीवर तीन दिवसांत सही केली की ती नोंदवली जाते. गोठलेली रक्कम परत मिळवण्यासाठी त्यानंतर पोलिसांचा अहवाल आणि बहुधा न्यायालयाचा आदेश लागतो. संहितेच्या कलम ५०३ खाली तसा अर्ज करता येतो. हे काम वेळ घेते, पण पैसे गोठलेले असतील तर सोडून देण्याजोगे नाही. मधल्या काळात ‘तुमचे बुडालेले पैसे काढून देतो’ म्हणून फोन करणारे वकील, अधिकारी, हॅकर भेटतील. त्यांना फी देणे म्हणजे दुसऱ्यांदा फसणे.

‘डिजिटल अरेस्ट’बद्दल येथे थोडक्यात. असा प्रकार भारतीय कायद्यात अस्तित्वातच नाही. व्हिडिओ कॉलवर गणवेशातला माणूस बसवून, पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले किंवा आधार क्रमांकावर खाते उघडले गेले असे सांगून, घरातल्या ज्येष्ठांना तासन्तास कॅमेऱ्यासमोर बसवले जाते आणि ‘कोणाला सांगू नका’ असे बजावले जाते. त्यांना लुटण्याचे खरे साधन गणवेश नसून एकटेपणा असते. तिलक नगर, सुदामा नगर भागांत कितीतरी घरे अशी आहेत की मुले पुण्याला, बंगळुरूला किंवा परदेशी आणि आईवडील येथे दोघेच. या घरांनी काही व्यवस्था आजच करून ठेवावी. पेन्शन आणि ठेवी असलेले खाते यूपीआयला जोडूच नये. रोजच्या खर्चासाठी दुसरे छोटे खाते ठेवून त्यात महिन्याची रक्कम टाकावी. कार्डावरची ऑनलाइन आणि परदेशी व्यवहारांची सोय ॲपमधून बंद करता येते आणि हवी तेव्हाच चालू करता येते. ठरावीक रकमेपेक्षा मोठा भरणा करण्यापूर्वी मुलाला, भावाला किंवा शेजारच्या विश्वासू माणसाला फोन करायचाच, असा नेम घरात ठरवावा. आधारची बोटांची आणि डोळ्यांची ओळख आधार प्राधिकरणाच्या ॲपमधून कुलूपबंद करता येते. आपल्या नावावर किती सिमकार्डे चालू आहेत हे ‘संचार साथी’ संकेतस्थळावर पाहता येते, आणि पैसे न जाता नुसता संशयास्पद फोन आला असेल तर तो तेथील ‘चक्षू’ विभागात नोंदवता येतो.

स्वतःचेच खाते गोठले तर

जेल रोडच्या मोबाइल बाजारात किंवा एखाद्या नमकीनच्या दुकानात हा त्रास होऊ शकतो: गिऱ्हाइकाने यूपीआयने पैसे दिले, ते कोठूनतरी चोरलेले निघाले, आणि दूरच्या राज्यातील पोलिसांच्या सूचनेवरून दुकानदाराचे खाते बंद झाले. अशा वेळी शाखेत भांडण करून उपयोग नाही, कारण शाखेला स्वतःहून ते उघडता येत नाही. बँकेकडून लेखी मागावे ते एवढे: कोणत्या राज्याच्या कोणत्या ठाण्याची सूचना, तिचा पोच क्रमांक आणि वादातली रक्कम. त्यानंतर विक्रीचे बिल, मालाची खरेदी आणि जीएसटीचे कागद जोडून त्या तपास अधिकाऱ्याला ईमेल करावा, आणि संपूर्ण खाते न गोठवता केवळ वादग्रस्त रकमेवर रोक ठेवावी अशी विनंती करावी. ती नाकारली तर न्यायालयात जाता येते. कमिशनच्या लालचीने आपले खाते दुसऱ्याला ‘वापरायला’ दिलेल्याची स्थिती मात्र अगदी वेगळी आहे. तो साक्षीदार नसून आरोपी ठरू शकतो.

कंपनी दाद देत नसेल तर

ऑनलाइन खरेदीत निम्मी लढाई पार्सल दारात येते तेव्हाच जिंकली किंवा हरली जाते. महागडी वस्तू असेल तर पत्त्याची चिठ्ठी दिसेल अशा रीतीने, न थांबवता, उघडतानाचा व्हिडिओ घ्यावा. डिलिव्हरीचा ओटीपी म्हणजे ‘वस्तू मिळाली’ अशी आपली सही असते. वस्तू हाती येण्याआधी तो सांगू नये, आणि ‘ऑर्डर रद्द करण्यासाठी ओटीपी द्या’ असे दारातला किंवा फोनवरचा माणूस म्हणाला तर मुळीच सांगू नये.

परताव्यासाठी पाठपुरावा करताना ‘रिफंड प्रोसेस झाला’ या उत्तरावर समाधान मानू नये. पैसे खरोखर पाठवले असतील तर त्याला संदर्भ क्रमांक असतो: बँक किंवा यूपीआय परताव्याला यूटीआर, आणि कार्डावरच्या परताव्याला एआरएन. तो क्रमांक मागावा. मिळाला तर बँक शोध घेऊ शकते. मिळत नसेल तर पैसे निघालेच नाहीत असे बहुधा समजावे. भरणा कार्डाने केला असेल आणि वस्तू आलीच नसेल, तर कार्ड देणाऱ्या बँकेकडे चार्जबॅकची, म्हणजे तो भरणा उलटवून पैसे परत करण्याची, मागणी करता येते. तिलाही मुदत असते, म्हणून कंपनीच्या आश्वासनांवर महिने घालवू नयेत.

ई-वाणिज्य नियम २०२० प्रमाणे प्रत्येक ऑनलाइन दुकानाने तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव आणि संपर्क संकेतस्थळावर द्यायला हवा. तो सहसा पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत असतो. त्याने ४८ तासांत पोच आणि एका महिन्यात निवारण द्यावे असा नियम आहे, म्हणून चॅटवरच्या चौथ्या प्रतिनिधीला तीच कथा सांगण्यापेक्षा थेट त्यालाच ईमेल करावा. तरीही हालचाल नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. तेथेही मराठीत तक्रार नोंदवता येते. ही हेल्पलाइन कंपनीला आदेश देऊ शकत नाही, केवळ तक्रार पोचवून तडजोड घडवते. पण मोठ्या कंपन्या तिच्याशी जोडलेल्या असल्यामुळे दुर्लक्षित तक्रार पुष्कळदा येथेच सुटते.

नकळत चालू राहून पुन्हा पुन्हा पैसे कापणाऱ्या सदस्यत्वाच्या सापळ्याचे काम तुलनेने सोपे आहे. ॲप पुसून टाकल्याने सदस्यत्व थांबत नाही. यूपीआय ॲपमधील ‘ऑटोपे’ विभागात चालू परवानग्यांची यादी असते आणि तेथूनच ती रद्द करता येते. कार्डावरच्या परवानग्या बँकेच्या संकेतस्थळावर दिसतात. आवर्ती कपातीपूर्वी किमान चोवीस तास आधी सूचना येणे बंधनकारक आहे, म्हणून ते एसएमएस जाहिरात समजून सोडून देऊ नयेत. आधीच खूण केलेल्या चौकटी, टोपलीत गुपचूप घातलेला विमा, शेवटच्या पायरीला वाढणारी किंमत, ‘फक्त दोन शिल्लक’ अशी खोटी घाई, रद्द करण्याचे बटण दडवणे, असे एकूण १३ प्रकार केंद्र शासनाच्या ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी अनुचित ठरवले आहेत. या क्लृप्त्यांना ‘डार्क पॅटर्न’ म्हणतात. तक्रारीत हा शब्द वापरून त्या पडद्याचे चित्र जोडले की कंपनीच्या उत्तराचा सूर बदलण्याची शक्यता वाढते.

या सगळ्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे कंपनी कोठलीही असो, ग्राहक जेथे राहतो तेथील आयोगात, म्हणजे आपल्याला इंदूरच्याच आयोगात, तक्रार करता येते. बंगळुरू किंवा गुरुग्रामच्या खेपा घालाव्या लागत नाहीत. वादाचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. वस्तूसाठी दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, आणि वकील नेमलाच पाहिजे असेही नाही. अर्ज ‘ई-जागृती’ संकेतस्थळावर भरता येतो. त्याला बिल, भरण्याचा पुरावा, कंपनीशी झालेला पत्रव्यवहार आणि १९१५ चा नोंद क्रमांक तारखेच्या क्रमाने जोडावा. वहीत पहिल्या दिवसापासून टिपणे असतील तर हे काम एका दुपारचे आहे. मागणीत मूळ रकमेबरोबर व्याज, त्रासाची भरपाई आणि खर्च वेगवेगळे लिहावेत. कायद्यात निकालासाठी सर्वसाधारणपणे तीन महिने सांगितले असले तरी तारखा लांबतात, हे धरूनच चालावे. आदेश झाल्यावरही कंपनीने पैसे दिले नाहीत तर त्याच आयोगाकडे अंमलबजावणीचा अर्ज करता येतो. कलम ७२ खाली आदेश न पाळणाऱ्याला एक महिना ते तीन वर्षे कैद, किंवा २५,००० ते १ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.